ट्रायकोडर्माचे औषध कोठे तयार होते?
कांदा रोपवाटिकेच्या निमित्ताने बुरशीच्या जनुकांची ओळख

रांगडा कांद्याची रोपे टाकण्याचे दिवस होते. राहुरी तालुक्यातील एक कांदा उत्पादक शेतकरी पिशवीत उपटलेली रोपे घेऊन आले. रोपे जमिनीलगत मऊ पडून आडवी झाली होती. त्यांचा प्रश्न सरळ होता : "साहेब, मागच्या वर्षी ट्रायकोडर्मा वापरले, रोप वाचले. यंदाही ट्रायकोडर्माच वापरले, मग रोप का बसले?"

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात राहुरी, पारनेर, संगमनेर, शेवगाव या भागात कांद्याचे क्षेत्र मोठे आहे. एक हेक्टर लागवडीसाठी साधारणपणे ८ ते १० किलो बियाणे लागते. रोप बसले म्हणजे केवळ बियाण्याचे पैसे जात नाहीत, तर लागवडीची वेळ हातची जाते. दुसऱ्यांदा बी टाकून रोप तयार होईपर्यंत सहा ते आठ आठवडे निघून जातात. म्हणून एकाच नावाच्या औषधाने एका वर्षी गुण का येतो आणि दुसऱ्या वर्षी का येत नाही, हे समजून घेणे फायद्याचे आहे. त्याचे निम्मे उत्तर शेतात आहे, तर निम्मे उत्तर बुरशीच्या पेशीत, तिच्या जनुकांत आहे. या दोन्हींची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

रोप कोलमडते म्हणजे काय होते?

रोपवाटिकेतील मर किंवा रोप कोलमडणे हा एकाच बुरशीमुळे होणारा रोग नाही. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम, स्क्लेरोशियम अशा जमिनीत राहणाऱ्या अनेक रोगकारकांमुळे तो होतो. यांपैकी पिथियमला आपण सवयीने बुरशी म्हणतो; पण शास्त्रीय वर्गीकरणात तो खऱ्या बुरशीपासून वेगळा, बुरशीसारखा दिसणारा जीव आहे. पाणी साचलेल्या, निचरा नसलेल्या वाफ्यात तो झपाट्याने वाढतो आणि रोपाचा बुडखा पाणथळ, मऊ करतो. रायझोक्टोनियाचा डाग बहुधा तपकिरी असतो व रोप जमिनीलगत आवळल्यासारखे बारीक होते. स्क्लेरोशियममध्ये बुडख्याभोवती पांढरी बुरशी व मोहरीसारखे गोल दाणे दिसतात.

डोळ्यांनी पाहून दर वेळी अचूक निदान होतेच असे नाही. परंतु शत्रू एक नाही, अनेक आहेत, ही गोष्ट वाचकांनी मनात पक्की धरावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे.

मित्रबुरशीचे हत्यार

ट्रायकोडर्मा ही जमिनीत सर्वत्र आढळणारी बुरशी होय. ती रोगकारक बुरशीशी तीन-चार प्रकारे लढते. ती मुळाभोवतीची जागा व अन्न आधी व्यापते. रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालून, विकरांच्या साहाय्याने त्यांचे आवरण विरघळवून ती त्यांच्यावर जगते. पिकाची स्वतःची प्रतिकारशक्तीही ती जागी करते. शिवाय रोगकारकाची वाढ रोखणारी किंवा त्याला मारणारी रसायने ती आपल्या शरीरात तयार करून बाहेर सोडते. एका सूक्ष्म जीवाने तयार केलेल्या आणि दुसऱ्या सूक्ष्म जीवाला मारक ठरणाऱ्या अशा पदार्थांना प्रतिजैविके म्हणतात.

या हत्याराची पहिली चाहूल रिचर्ड वाईंडलिंग या शास्त्रज्ञाला अमेरिकेत लिंबूवर्गीय रोपांच्या मर रोगाचा अभ्यास करताना लागली. ट्रायकोडर्माचे तंतू रायझोक्टोनियाच्या तंतूंना विळखा घालून मारतात, असे त्याने १९३२ मध्ये दाखविले. ज्या द्रवात ही बुरशी वाढविली त्या द्रवातही मारक गुण आहे, हे १९३४ मध्ये त्याच्या लक्षात आले. १९३६ मध्ये तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला गेला. त्याला ग्लायोटॉक्सिन असे नाव मिळाले.

बुरशीने तयार केलेले सर्वांत प्रसिद्ध प्रतिजैविक म्हणजे पेनिसिलीन. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते १९२८ मध्ये ओळखले. आपल्या राज्यात पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो मुख्यतः पेनिसिलीन तयार करण्यासाठीच. तेथेही मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून तिच्याकडून औषध काढून घेतले जात असे. आपल्या वाफ्यातील ट्रायकोडर्मा हेच काम करते. फरक इतकाच, की तिची टाकी म्हणजे आपली जमीन होय.

जनुकसमूह म्हणजे एका आवारातील कारखाना

बुरशी हे औषध कशाच्या आधारे तयार करते? प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनएच्या लांब धाग्यावर त्याच्या गुणधर्मांची नोंद असते. या नोंदीतील एकेका भागाला जनुक म्हणतात. बहुतेक जनुके म्हणजे एकेक प्रथिन कसे तयार करावे याची सूचना असते. त्यातील काही प्रथिने विकर म्हणून काम करतात, म्हणजे एका पदार्थाचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर घडवून आणतात.

आपल्या जिल्ह्यातील वाचकाला साखर कारखान्याचे उदाहरण जवळचे वाटेल. गव्हाणीत ऊस पडतो, मिलमध्ये रस निघतो, रस स्वच्छ होतो, पॅनमध्ये शिजतो, नंतर मळीपासून साखर वेगळी होते आणि पोती गोदामात जातात. ही सर्व यंत्रे एकाच आवारात, एकमेकांना जोडून असतात. मिल एका तालुक्यात आणि पॅन दुसऱ्या तालुक्यात असे कोणी ठेवत नाही. बुरशीच्या बाबतीत असेच आढळून आले आहे. एक प्रतिजैविक तयार करण्यासाठी लागणारी जनुके डीएनएच्या धाग्यावर बहुधा शेजारी शेजारी असतात. अशा गटाला जनुकसमूह म्हणतात.

पेनिसिलीनची तीन मुख्य जनुके अशीच शेजारी आहेत. पहिल्या जनुकाचे विकर तीन अमिनो आम्ले एकत्र जोडते, दुसऱ्याचे विकर त्यांना कड्याचा आकार देते आणि तिसऱ्याचे विकर त्याची एक बाजू बदलून पेनिसिलीन पूर्ण करते. जास्त पेनिसिलीन देणारे कारखान्यातील वाण तपासले असता, त्यांपैकी अनेकांत या जनुकसमूहाच्या एकाऐवजी अनेक प्रती आढळल्या. निवड करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे केवळ उत्पादन पाहून वाण निवडले होते. त्यामागचे कारण जनुके वाचल्यावर कळले.

ग्लायोटॉक्सिनच्या समूहात तर कारखान्याची पूर्ण व्यवस्था दिसते. ग्लि-पी या जनुकाचे मोठे विकर दोन अमिनो आम्ले जोडून सुरुवात करते. ही झाली गव्हाण आणि मिल. इतर जनुके त्यात गंधक बसवितात व त्याला मारक रूप देतात. ग्लि-झेड हे जनुक समूहातील बाकीची जनुके सुरू करते. हा झाला भोंगा वाजविणारा. ग्लि-ए हे तयार माल पेशीबाहेर टाकण्यास मदत करते. आणि ग्लि-टी हे बुरशीला स्वतःच्याच विषापासून वाचविते. विष तयार करणाऱ्याने स्वतः मरू नये, याची तजवीजही त्याच आवारात आहे.

शोध कसा लागला?

एखादे जनुक अमुक काम करते, हे शास्त्रज्ञांना कसे कळते? पद्धत मनात ठेवण्याजोगी आहे, कारण ती शेतातही उपयोगी पडते. सर्व काही सारखे ठेवायचे, फक्त एक गोष्ट काढून टाकायची आणि काय बिघडते ते पाहायचे.

प्रारंभी हे काम अंदाजाने होत असे. बुरशीवर अतिनील किरण किंवा इतर किरणांचा मारा करून तिच्यात बदल घडवीत आणि हजारो वसाहतींतून औषध न बनविणारी एखादी शोधून काढीत. अमेरिकेतील टेक्सास येथे हॉवेल आणि स्टिपानोविच यांनी १९८३ मध्ये ट्रायकोडर्मा व्हायरेन्स या बुरशीपासून (तेव्हा तिचे नाव ग्लायोक्लॅडियम व्हायरेन्स असे होते) ग्लायोव्हिरिन हे नवे प्रतिजैविक मिळविले. या औषधाची क्षमता गमावलेला बदललेला वाण कपाशीच्या रोपांना पिथियमपासून वाचवू शकला नाही. औषध आणि संरक्षण यांचा संबंध येथे स्पष्ट झाला. पण नेमके कोणते जनुक गेले, हे त्या पद्धतीने कळत नव्हते.

पुढे नेमके एकच जनुक काढून टाकण्याचे तंत्र हाती आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ट्रायकोडर्मा व्हायरेन्सचे ग्लि-पी जनुक निकामी करण्यात आले. ती बुरशी जिवंत राहिली, उलट जरा वेगाने वाढली. पण ग्लायोटॉक्सिन तयार करीनाशी झाली. पिथियम असलेल्या मातीत मूळ वाणाने कपाशीची रोपे उत्तम वाचविली, परंतु जनुक काढलेल्या वाणाला ती वाचविता आली नाहीत. आता महत्त्वाची गोष्ट पाहा. रायझोक्टोनियाविरुद्ध मात्र दोन्ही वाण सारखेच प्रभावी ठरले. म्हणजे तेथे संरक्षण या औषधाने नव्हे, तर बुरशीच्या इतर हत्यारांनी झाले.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की एकच ट्रायकोडर्मा प्रत्येक शत्रूशी एकाच हत्याराने लढत नाही. एका रोगाविरुद्ध दिसलेला गुण दुसऱ्या रोगाविरुद्ध तसाच दिसेल, असे गृहीत धरता येत नाही.

तुर्भे आणि मांजरी येथील काम

ट्रायकोडर्मा व्हायरेन्समध्ये 'पी' आणि 'क्यू' असे दोन गट ओळखले जातात. 'क्यू' गटातील वाण ग्लायोटॉक्सिन तयार करतात, ग्लायोव्हिरिन करीत नाहीत. 'पी' गटातील वाण ग्लायोव्हिरिन तयार करतात, ग्लायोटॉक्सिन करीत नाहीत. बुरशीचे नाव एकच आणि पाटीवरील शब्दही तोच, पण आतला माल वेगळा. ज्वारी म्हटली तरी मालदांडी वेगळी आणि फुले वसुधा वेगळी, तसेच हे आहे.

ग्लायोव्हिरिन माहीत होऊन तीस वर्षे उलटली तरी त्याची जनुके कोठे आहेत, हे माहीत नव्हते. हे काम आपल्या राज्यात झाले. मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील प्रमोद शेरखाने, प्रसून मुखर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ग्लायोव्हिरिनचा जनुकसमूह प्रसिद्ध केला. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील रसायनतज्ज्ञही या कामात सहभागी होते.

त्यांची वाट अशी होती. २०११ मध्ये ट्रायकोडर्मा व्हायरेन्सच्या 'क्यू' गटातील एका वाणाची संपूर्ण जनुकीय नोंद प्रसिद्ध झाली होती. त्यात अमिनो आम्ले जोडणाऱ्या मोठ्या विकरांची २८ जनुके मिळाली होती. कापड व कागद उद्योगासाठी विकरे देणाऱ्या ट्रायकोडर्मा रीसीमध्ये ती १० आहेत. यापुढे 'पी' गटातील वाणाची नोंद वाचून ती 'क्यू' गटाच्या नोंदीशी ताडून पाहिली. जे औषध फक्त 'पी' गट करतो, त्याची जनुकेही फक्त 'पी' गटात असली पाहिजेत, हा त्यामागील विचार होता. अशा रीतीने संशयित समूह सापडला. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून त्यातील जीएलव्ही-२१ हे मुख्य जनुक काढून टाकले आणि बुरशी काय तयार करते ते तपासले. ग्लायोव्हिरिन तयार होणे थांबले होते. गव्हाण बंद केल्यावर साखर बंद झाली, तेव्हा कारखाना तोच, हे सिद्ध झाले.

एक तुकडा गळाला तर काय होते?

तुर्भे येथील आणखी एक उदाहरण तितकेच बोलके आहे. तेथे गॅमा किरणांच्या माऱ्यातून ट्रायकोडर्मा व्हायरेन्सचा एम-७ नावाचा बदललेला वाण मिळाला. तो वाढतो, पण बीजाणू धरीत नाही, औषधे जवळजवळ तयार करीत नाही आणि दुसऱ्या बुरशीवर हल्लाही करीत नाही. २०२० मध्ये त्याची संपूर्ण जनुकीय नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा पाच ठिकाणचे मोठे तुकडे गळलेले आढळले. त्यांत सुमारे ७० जनुके होती.

किरणांचा मारा आपल्या शेतात होत नाही, हे खरे. तथापि औषध बनविण्याची क्षमता हा बुरशीचा कायमचा, न जाणारा गुण नाही, हे यातून दिसते. बुरशी जिवंत असूनही निरुपयोगी असू शकते. वारंवार एका माध्यमावरून दुसऱ्या माध्यमावर वाढवीत गेल्यासही बुरशीचे वाण आपले गुण गमावू शकतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा मूळ वाण जपून ठेवतात आणि अधूनमधून तेथूनच नवीन सुरुवात करतात.

यासोबत आणखी एक गोष्ट आहे. जनुके असली म्हणजे ती चालू असतातच असे नाही. व्हेल-१ नावाचे एक नियंत्रक जनुक काढून टाकल्यावर ग्लायोटॉक्सिनची जनुके शाबूत असूनही त्यांचे काम मंदावले आणि रोगनियंत्रणाची क्षमता घटली, असे २०१० मध्ये दाखविण्यात आले. कारखाना उभा आहे, पण भोंगाच वाजला नाही, तर गाळप होत नाही. बुरशीचा भोंगा वाजणे हे अन्न, ओल, तापमान, जमिनीचा सामू आणि शेजारी कोणता जीव आहे, यांवर अवलंबून असते.

या माहितीतून आपण काय घ्यावे?

१. नाव एक असले तरी वाण वेगळा असतो. आपल्या देशात ट्रायकोडर्मा व्हिरिडी या नावाने ओळखले गेलेले अनेक वाण जनुकांच्या तपासणीत ट्रायकोडर्मा अस्पेरेलम ठरले आहेत. म्हणून केवळ 'ट्रायकोडर्मा द्या' असे न म्हणता, आपल्या पिकासाठी व रोगासाठी शिफारस असलेला वाण कोणता, हे विचारावे. कृषी विद्यापीठातील वनस्पती रोगशास्त्र विभाग किंवा बाभळेश्वर व दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रांचा सल्ला घ्यावा.

२. पाकिटातील माल जिवंत असला पाहिजे. पाकिटावर बुरशीचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख आणि जिवंत बीजाणूंची संख्या पाहावी. भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत घटक असावेत, असा निकष आहे. पक्की पावती घ्यावी. पाकीट उन्हात, पत्र्याच्या खोलीत किंवा रासायनिक औषधांशेजारी ठेवू नये.

३. बुरशीला अन्न द्यावे. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा सामू बहुधा ८ च्या आसपास असतो. ट्रायकोडर्माला थोडी आम्लधर्मी, सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध जमीन अधिक मानवते. सेंद्रिय कर्ब नसलेल्या जमिनीत कोरडी भुकटी फेकणे म्हणजे गव्हाणीत ऊस न टाकता कारखाना चालविणे होय.

४. विषाशेजारी मित्र ठेवू नये. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही घातक आहे. ते ट्रायकोडर्मासोबत बियाण्यास चोळू नये अथवा त्याच पाण्यातून वाफ्यात देऊ नये. रासायनिक बुरशीनाशक वापरणे भागच असेल, तर दोन्हींत किती अंतर ठेवावे, हे तज्ज्ञांना विचारून ठरवावे.

रोपवाटिकेत प्रत्यक्ष वापर

पेरणीपूर्वी दहा ते पंधरा दिवस तयारीस लागावे. सावलीत १०० किलो चांगले कुजलेले शेणखत घेऊन त्यात १ किलो ट्रायकोडर्मा भुकटी मिसळावी. हाताने मूठ दाबली असता गोळा होईल, पण पाणी गळणार नाही, इतपत ओल ठेवावी. ढीग ओल्या गोणपाटाने झाकावा व दर तीन-चार दिवसांनी खालीवर करून, गरजेप्रमाणे पाणी शिंपडावे. ताजे, गरम होणारे शेण वापरू नये. उष्णतेने बुरशी मरते. तयार झालेले खत गादीवाफ्याच्या वरच्या थरात मिसळावे.

सपाट वाफ्याऐवजी १ मीटर रुंद व १५ सेंमी उंच गादीवाफे करावेत. बी फेकून न टाकता ओळीत व विरळ पेरावे. पेरणीपूर्वी प्रति किलो बियाण्यास ४ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, थोड्या पाण्याचा हात देऊन हलके चोळावे, सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. पाकिटावरील प्रमाण वेगळे असल्यास तेच पाळावे. पाणी झारीने, तुषार किंवा ठिबक संचाने हलके द्यावे. वाफ्यात पाणी साचू देऊ नये. भुकटी हाताळताना नाका-तोंडावर कापड बांधावे आणि नंतर हात धुवावेत. ज्यांच्याकडे अळिंबीचे उत्पादन आहे, त्यांनी ट्रायकोडर्मा त्या शेडजवळ आणू नये. तेथे हीच मित्रबुरशी शत्रू ठरते.

घरी तयार केलेल्या ढिगातील थोडे खत पुढच्या ढिगाला विरजण म्हणून, त्यातील थोडे त्याच्या पुढच्याला, असे वर्षानुवर्षे करू नये. ढिगात इतर बुरशी शिरतात आणि मूळ वाण किती शिल्लक राहिला, हे कळत नाही. हिरवी दिसते ती प्रत्येक बुरशी ट्रायकोडर्मा नसते. दर हंगामात खात्रीचे नवीन पाकीट वापरावे.

एक वाफा मोकळा ठेवा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. त्या शेतकऱ्यांकडे सविस्तर चौकशी केली, तेव्हा तीन गोष्टी पुढे आल्या. यंदाचे पाकीट दुसऱ्या वाणाचे होते व त्याची मुदत संपत आली होती. पेरणीनंतर आठव्या दिवशी त्यांनी 'जोडीला असू द्यावे' म्हणून कार्बेन्डाझिमची आळवणी केली होती. शिवाय पाऊस लांबल्याने वाफ्याच्या खालच्या अंगाला पाणी साचून राहिले होते. यांपैकी रोप कशाने बसले? प्रामाणिक उत्तर असे, की ते सांगता येणार नाही. तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या आणि तुलनेसाठी काहीच शिल्लक नव्हते. शास्त्रज्ञांनी एका वेळी तीन जनुके काढली असती, तर त्यांनाही दोष कोणाचा ते कळले नसते.

पुढील हंगामात त्यांनी आमच्या सांगण्यावरून एक साधी गोष्ट केली. सर्व गादीवाफे सारखे केले, बियाणे एकाच पिशवीतील वापरले, पाणी सारखे दिले. फक्त दोन वाफ्यांत ट्रायकोडर्मा टाकले नाही. तेथे तेवढेच साधे शेणखत टाकले. त्या दोन वाफ्यांवर खुंट्या ठोकून खुणा केल्या. उगवण झाल्यावर आणि त्यानंतर दर आठवड्याला प्रत्येक वाफ्यातील एक हात लांबीच्या ठराविक ओळींतील रोपे मोजली व वहीत लिहिली. निचरा चांगला होता तेथे ट्रायकोडर्माच्या वाफ्यांत नांगे कमी पडले. एका कोपऱ्यात मात्र पाटाचे पाणी झिरपत होते. तेथे ट्रायकोडर्मा असलेल्या वाफ्यातही रोप बसले. त्यांनी वही पुढे करून म्हटले, "साहेब, औषधाने रोप वाचले हे खरं, पण आधी तो पाट बुजवायला पाहिजे."

एका शेतातील एका हंगामाच्या नोंदीवरून शिफारस करता येत नाही. परंतु आपल्या शेतात काय चालते, हे कळण्यास दुसरा मार्ग नाही. प्रयोगशाळेत जनुक काढून जे कळते, ते शेतात एक वाफा मोकळा ठेवून कळते. ट्रायकोडर्माचे औषध पाकिटात तयार नसते. पाकिटातील बीजाणू वाफ्यात रुजल्यावर, योग्य जनुके असल्यास आणि ती चालू झाल्यास, ते तेथे तयार होते. योग्य वाण निवडणे, तो जिवंत आणणे, त्याला शेणखताचे अन्न देणे, विषापासून दूर ठेवणे आणि पाण्याचा निचरा सांभाळणे ही आपल्या हातातील कामे आहेत. येत्या हंगामात रोप टाकताना शेतकरी बंधू-भगिनींनी ती करावीत, खुणेचा एक वाफा ठेवावा आणि त्याची नोंद वहीत करून ठेवावी.